आमची हीर गोल हाय

डावा हात पाण्यात लबाडी करतो, असं डिसूझा सर माझ्याबद्दल म्हणायचे, आणि तेही तलावाच्या काठावर, चारचौघांत, मोठ्यानं. त्यांचं म्हणणं आजही खोटं नाही. शिरूरला मुलाकडे राहायला आल्यापासून मी सकाळी तलावावर जातो. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलंय असं मी घरी म्हणतो. खरं म्हणजे पाण्याबाहेर मला करमत नाही. सुरुवातीच्या फेऱ्या नीट होतात. मग दम लागतो, आणि दम लागला की उजवा हात एकटाच जोर करायला लागतो, डावा नुसता पाणी कुरवाळतो, आणि मी हळूहळू डावीकडे सरकत लेनच्या दोरीवर जाऊन आदळतो. पलीकडच्या लेनमधली बँकेत नोकरी करणारी एक मुलगी थांबून म्हणते, "काका, सावकाश." मी चष्म्यात पाणी गेल्याचं नाटक करतो. या वयात एवढ्याशा गोष्टीची लाज वाटायला नको. पण वाटते. कानाच्या पाळ्या गरम होतात, जशा तेव्हा दौंडला झाल्या होत्या.

आमचं घर न्हावऱ्याला, गावाच्या जरा बाहेर. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला कांदा, घरामागे गोठा आणि गोठ्यामागे विहीर. दगडी बांधणीची, चांगली रुंद, बहुतेक वर्षी उन्हाळाभर पाणी टिकणारी. आबा, म्हणजे माझे वडील, गावात कशातच नव्हते. सोसायटीत नाहीत, पंचायतीत नाहीत, कुणाच्या पॅनेलमध्ये नाहीत. बैठकीला बसायची वेळ आलीच तर चपला काढून ठेवलेल्या असतात तिथली जागा धरायचे, आणि कुणी मत विचारलं तर "बघा, तुमाला काय वाटतं ते" म्हणून मोकळे व्हायचे. पण उन्हाळा लागला की गावातली पोरं आमच्या विहिरीवर यायची आणि तिथं मात्र आबांचा शब्द शेवटचा. गावात ज्याला म्हणून पोहता येत होतं त्याला ते आबांनी शिकवलेलं होतं. पाठीला तेलाचा रिकामा, तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा, कमरेला कासरा आणि कासऱ्याचं दुसरं टोक आबांच्या मुठीत. पोर पाण्यात, आबा वर कठड्याच्या कडेनं चालत. कासरा ताणलेला राहायला हवा, म्हणून पोरानं भिंत उजव्या हाताला ठेवून गोल फिरायचं आणि आबांनी वरून त्याच्याबरोबर गोल फिरायचं. एरवी ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा नाही ते आबा तिथं ओरडायचे, "वढ! उजवा वढ! डावा नुसता ठिव!" आवाज विहिरीत घुमायचा आणि दगडांच्या सांदीतली पारवी भर्रकन वर उडायची. त्यांनी कधी कुणाला पाण्यात ढकललं नाही. घाबरलेलं पोर पायरीवर बसून राहिलं तर आबाही कासरा धरून तेवढा वेळ उभे राहायचे. पोहून वर आलं की आई प्रत्येकाला ओंजळभर भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा द्यायची. अंग थरथरत असताना खाल्लेल्या त्या शेंगांची चव मला नंतर कुठल्याच शेंगेत सापडली नाही.

विहीर आडवी पार करायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. मध्ये धरायला काय होतं? आम्ही फिरायचो. डोकं पाण्याबाहेर, मान ताठ, हात धपाधप आपटत. ज्याचा आवाज मोठा तो पोहणारा मोठा, असा आमचा हिशेब. त्या हिशेबानं मी गावातला सगळ्यात मोठा पोहणारा होतो आणि मला ते चांगलंच ठाऊक होतं.

अकरावीला मला दौंडला मावशीकडे ठेवलं. मावशीचे यजमान, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, रेल्वेत होते आणि बहुतेक रात्रपाळीला असायचे. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे छोटं अंगण, अंगणात कडुनिंब आणि निंबाखाली पाण्याचं लोखंडी पिंप, कारण नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. दिवसभर यार्डात इंजिनांच्या शिट्ट्या, डबे एकमेकांना धडकल्याचे आवाज, स्टेशनवरच्या घोषणा. त्या सगळ्यात नाना बिनघोर झोपायचे, पण घरात वाटी पडली की ताडकन उठून बसायचे. त्यामुळे ते घर दिवसा कुजबुजत असायचं. मावशी भाकरीसुद्धा हळू थापायची. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी, आणि महिन्याच्या सुरुवातीला स्टेशनवरून आणलेले पाव. न्हावऱ्याहून आबा एसटीच्या कंडक्टरबरोबर कांद्याची पिशवी पाठवायचे. तो कंडक्टर पिशवीबरोबर गावच्या बातम्याही उतरवून जायचा. मावशीची जीभ तिखट, पण कुजबुजून दिलेला टोमणा फारसा लागत नाही हे मला त्या घरात कळलं.

तलाव होता कॉलनीच्या पलीकडे. कॉलेजच्या पोहण्याच्या संघासाठी नावं घेत होते, मी दिलं. पहिल्या दिवशी मी पट्ट्याची चड्डी घालून काठावर उभा राहिलो, धावत येऊन विहिरीत मारतात तशी धप्पकन उडी मारली आणि हात आपटत सुटलो. मनात म्हटलं, आता बघा. पलीकडचा काठ हाताला लागला तेव्हा सगळे हसत होते. माझं कौतुक चाललंय असं मला क्षणभर वाटलं. मग बघितलं तर मी ज्या लेनमधून निघालो होतो ती कुठल्या कुठे राहिली होती. दोन दोऱ्यांखालून जाऊन मी लहान मुलांच्या घोळक्यात निघालो होतो आणि एक पाचवीतली मुलगी माझ्याकडे बघून रडायच्या बेतात होती.

तिथं शिकवायला डिसूझा सर होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, डोक्यावर पांढरी टोपी, मराठीत अर्धं हिंदी. ते काठावर उकिडवे बसले.

"कुठे शिकला तू?"

"विहिरीत."

"कोणी शिकवलं?"

"आबांनी. माझ्या वडिलांनी," मी छाती काढून सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. "भीती नाही तुला पाण्याची. हे चांगलं आहे. बाकी सगळं पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे खरोखरच पहिल्यापासून. मिसरूड फुटलेला मी, त्या पाचवी-सहावीतल्या मुलांच्या रांगेत, कमरेएवढ्या पाण्यात, एका हातानं काठ धरून दुसरा हात टाकायला शिकत होतो. माझ्या वर्गातली मुलं-मुली त्या रस्त्यानं कॉलेजला जायची आणि जाळीपाशी थांबायची. मी जाळीकडे पाठ करून उभा राहायचो, मग सर ओरडायचे, "तोंड इकडे!" आणि सगळ्यांना माझं तोंड दिसायचं. त्या दिवसांत मी कॉलेजला लांबच्या रस्त्यानं जायला लागलो.

हात टाकायचा म्हणजे काय, हे मला तोवर माहीतच नव्हतं. सर म्हणायचे, पाण्याला मारू नको, पाण्यात घाल. हात खांद्यासमोर जायला हवा, नाकासमोर नाही. माझा डावा हात नाकासमोरून पार उजव्या बाजूला जायचा. हात पूर्ण लांबव, मग कोपर तिथंच वर ठेवून पंजा खाली वळव. तळहात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग मिळून एक फळी कर. त्या फळीनं पाणी धरून पोटाखालून मागे, थेट मांडीपर्यंत ढकल. माझा उजवा हात लवकर सुधारला, त्याला जोर करायची सवय होतीच. डावा मात्र कोपर टाकायचा. कोपर खाली गेलं की पाणी निसटतं, हाताला काहीच लागत नाही. हवेत हात फिरवल्यासारखं वाटतं आणि फार सोपं वाटतं. "सोपा वाटला म्हणजे लबाडी केली," सर म्हणायचे. त्यांनी मला एकदा पोहताना मध्येच थांबवून विचारलं, विहिरीत कसे पोहत होता ते दाखव. मी दाखवलं. त्यांनी बोटानं हवेत एक गोल काढला आणि बराच वेळ मान हलवली. बाहेरचा हात ओढतो आणि आतला नुसता वळण घेतो, हे त्यांना कळलं आणि मग मलाही. त्या क्षणी मला आबांचा राग आला नाही. पण आबांचं नाव पहिल्या दिवशी एवढ्या तोऱ्यात घेतलं ते आठवून मी पाण्यात खाली बसलो.

घरी सराव कसा करायचा हेही सरांनीच सांगितलं. कमरेत वाक आणि समजा समोर एक पिंप आहे, त्याच्यावरून हात टाकायचा आहे. पिंपाला मिठी मारल्यासारखा. कोपर पिंपाच्या वर, पंजा पिंपाच्या पलीकडे खाली. माझ्याकडे समजायची गरज नव्हती, अंगणात पिंप होतंच. नाना आत झोपलेले आणि मी निंबाखाली पिंपावर ओणवा, डावा हात टाकतोय, ओढतोय, पुन्हा टाकतोय. कोपर काठावर घासून सोलून निघालं. हाताच्या धक्क्यानं पाणी सांडायचं. मावशी दारात येऊन कुजबुजायची, "अरे, नळाला पाणी उद्याच्याला हाय. तुझ्या पोहन्यापायी आमी काय कोरडी आंगूळ करायची का?" पण मी दमून बसलो की एक उकडलेलं अंडं आणून द्यायची. घरात अंडी शिजत नसत. ती माझ्यासाठी शेजारच्या घरून उकडून आणायची आणि नानांना ते माहीत नाही असं तिला वाटायचं.

हळूहळू डोकं पाण्यात गेलं. तलावाच्या तळाला काळी रेघ होती. विहिरीत खाली बघायची सोय नव्हती, खाली नुसता काळोख. इथं रेघ धरून गेलं की सरळ जाता येतं, आणि डाव्या हातानं पाणी धरलं तरच रेघ पोटाखाली राहते. एक दिवस मी काठाला लागलो आणि सर काहीच बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत म्हणून मी दिवसभर हवेत होतो.

मग कॉलेजांच्या स्पर्धा दौंडलाच ठरल्या. पहिला येईल तो पुण्याला संघात जाणार होता. नाना एका लग्नाला न्हावऱ्याकडे गेले होते, तिथं त्यांनी आबांना सांगितलं की पोरगं आता माशासारखं जातंय. पुढची बातमी कांद्याच्या पिशवीबरोबर आली. कंडक्टर म्हणाला, "तुझं आबा कटिंगच्या दुकानात म्हनालं, माझं पोरगं दौंडात पयलं येनार. समदं दुकान बघत राह्यलं." मला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. मी पिशवी घरात टाकून सरळ पिंपावर ओणवा झालो. आबांनी जन्मात कधी कशाबद्दल छातीठोक बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी एकदाच तोंड उघडलं, आणि तेही माझ्या हाताच्या भरवशावर.

स्पर्धेच्या दिवशी तलावाच्या फाटकाशी तात्यांचा टेम्पो उभा राहिला. तात्या आबांचे मित्र, कांद्याची वाहतूक करायचे. टेम्पोतून निम्मं न्हावरे उतरलं. बापई, म्हातारे, दोन-तीन बायका, सगळ्यांच्या डोक्याला-खांद्याला कांद्याची फोलपटं चिकटलेली. हलगी होती. गुलालाची पिशवी होती, आणि ती तात्यांनी लपवलीसुद्धा नव्हती. आबा सगळ्यात शेवटी उतरले, इस्त्रीचा सदरा घालून. त्या गर्दीकडे बघताना माझ्या लक्षात आलं की यांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या कमरेला कधी ना कधी आबांचा कासरा बांधलेला होता. बाकी कॉलेजांची मुलं हसून बघत होती. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता ताप यावा.

एक जाणं आणि एक येणं, एवढीच शर्यत. जाताना मी रेघेवरून सुतासारखा गेलो. डावा हात खांद्यासमोर पडत होता, कोपर वर, पाणी हाताला भरभरून लागत होतं. काठाला लाथ मारून परत फिरलो तेव्हा मी पुढे होतो, मला ते जाणवत होतं. श्वासासाठी तोंड उजवीकडे फिरवलं आणि मला आबा दिसले. ते काठानं माझ्याबरोबर चालत होते. दोन्ही मुठी पोटाशी, कासरा धरल्यासारख्या. तलाव त्यांच्या डाव्या हाताला, ते माझ्या उजव्या हाताला, अगदी विहिरीवर असायचे तसे. आणि ते ओरडले, "वढ! उजवा वढ!"

मी काही ठरवलं नाही. डोकं आपोआप वर आलं. उजव्या हातानं ओढलं, असं ओढलं की खांद्यातून कळ गेली, आणि डावा हात नुसता ठेवला. आबांनी सांगितलं होतं ना, नुसता ठिव. रेघ पोटाखालून कधी गेली मला समजलं नाही. दोरी अंगाला लागली, मी तिच्याखालून गेलो, कुणाच्या तरी डोक्यावर माझा हात पडला. मी ओढतच राहिलो. काठाला हात लावला तेव्हा हलगी वाजायला लागली होती, माझ्या आधी कुणीच आलेलं नव्हतं आणि मी दुसऱ्याच्याच लेनमध्ये होतो. त्या लेनमधला बारामतीकडचा मुलगा तलावाच्या मध्यावर दोरीला धरून खोकत होता. वर पंचांनी हात उंच केला होता. मला तो का केला हे ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं.

मी वर चढतो न चढतो तोच तात्यांनी ओंजळभर गुलाल माझ्या ओल्या डोक्यावर टाकला. तो चिखलासारखा तोंडावर ओघळला, आणि तात्या हलगीकडे नाचायला पळाले. पंच तणतणत आले. "बाद! हा बाद आहे! कुणी शिकवलं रे तुला हे असलं गोल गोल पोहायला?" डिसूझा सर त्यांच्या मागून येत होते, त्यांना काही बोलायचं होतं. मीही तोंड उघडलं होतं. पण आबा मध्ये आले. त्यांच्या मुठीतही गुलाल होता, बहुधा मला लावायचा राहिला असावा. ती मूठ तशीच ठेवून त्यांनी हात जोडले.

"म्या शिकावलं, सायेब. आमची हीर गोल हाय."

काठावरची मुलं फस्सकन हसली. पंचांनाही हसू आवरेना. आबा खरं तेच बोलले होते, सरांनी हवेत बोटानं काढलेला गोल तोच होता. पण ते ऐकायला इतकं वेडगळ वाटलं की मला पायाखालची फरशी दुभंगावी असं झालं. आबांनी एकदा हसणाऱ्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी त्यांच्या मुठीकडे बघत होतो. बोटांच्या फटीतून गुलाल गळत होता.

गाव पलीकडच्या काठाला नाचत होतं. त्यांच्यापर्यंत यातलं काही पोहोचलं नव्हतं. मी म्हटलं, "आबा, त्यांना सांगा."

"सांगतो," आबा म्हणाले. "आदी जेवू दी त्यांला. सकाळपास्नं कुनाच्या पोटात काय न्हाई."

मावशीनं अंगणात शिरापुरी आणि बटाट्याची भाजी केली होती, शेजारणींची पातेली आणून. निंबाखाली पंगत बसली. नाना त्या दिवशी झोपले नव्हते, आग्रह करत फिरत होते. ते जेवण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब जेवण. मला मधोमध बसवलं, गळ्यात हार. तात्यांनी स्वतःच्या हातानं मला शिरा भरवला. एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत होती. मावशीनं आबांना पिंपापाशी नेलं आणि आता कुजबुजायची गरज नव्हती म्हणून मोठ्यानं सांगितलं, "दाजी, हे बघा. ह्याच्यावरनं हात टाकून टाकून तुमच्या लेकानं माझं निम्मं पानी सांडलं. कोपर वर, पंजा खाली, मलाबी पाठ झालंया!" सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी पिंपाच्या काठावरून हात फिरवला आणि तिथंच बराच वेळ उभे राहिले.

पानं उचलल्यावर ते मध्ये येऊन उभे राहिले. आबा उभे राहून बोलतायत हेच कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले.

"मंडळी, पोरगं पयलं आलं न्हाई. बाद केलंय त्याला. दुसऱ्याच्या वाटंत गेलं. त्याचा काय दोष न्हाई. म्या त्याला गोल शिकावलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमालाबी तसंच शिकावलंय. समद्यांलाच."

कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवला त्याचा आवाज झाला. तात्या म्हणाले, "आरं मग आदी सांगायचं न्हाई व्हय? एवढा गुलाल उधाळला त्यो." म्हातारीनं माझ्या तोंडावरचा हात काढून घेतला, आणि मग काय करायचं हे न सुचून तो पदराला पुसला. टेम्पो गेला तेव्हा हलगी फळ्यांखाली ठेवलेली मला दिसली. आबा ड्रायव्हरशेजारी न बसता मागे, कोपऱ्यात उभे होते.

गुलाल लवकर जात नाही. मी पिंपातलं पाणी घेऊन घेऊन तोंड धुतलं, मावशी एका शब्दानं बोलली नाही. तरी कानाच्या मागे तांबडं राहिलंच आणि ते घेऊन मी कॉलेजात गेलो. त्या बारामतीच्या मुलाची माफी मागायला मी गेलो होतो, पण त्यांची गाडी सुटली होती. डिसूझा सर तेवढं म्हणाले, "उद्या सकाळी ये. लेट नको." मी गेलो. हात त्यानंतर खरा सुधारला, बघायला कुणी नसताना. पुढे स्पर्धांत मी तिसरा-चौथा येत राहिलो, पहिला कधीच नाही. त्या स्पर्धांना मी घरून कुणाला बोलावलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

उन्हाळा आला. कंडक्टरनं पिशवी उतरवताना सांगितलं, "हीर मोकळी पडलीया तुमची. आबा पोरं माघारी धाडत्यात. म्हनत्यात, मला न्हाई येत, ज्याला येतंय त्याच्याकडं जावा." मला वाटलं होतं की लाज माझी आहे. माझी बाद झालेली शर्यत, माझे तांबडे कान. आबांचं काय गेलं हे मी धरलंच नव्हतं. गावात त्यांची एकच जागा होती, कठड्याच्या कडेनं फिरायची, आणि ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं सोडून दिली होती. मी दुसऱ्या दिवशी न कळवता न्हावऱ्याला गेलो.

दुपार होती. फाट्यावर उतरून बांधाबांधानं गोठ्याच्या मागच्या अंगाला आलो. गोठ्याच्या कोपऱ्यात जनावरांच्या पाण्याचं पिंप होतं. आबा त्याच्यावर कमरेत ओणवे झाले होते. एक हात काठावर, आणि दुसरा, डावा, पिंपावरून पलीकडे टाकत होते. कोपर खाली गेलं. ते थांबले, मान वाकडी करून स्वतःच्या कोपराकडे बघितलं, उजव्या हातानं ते धरून वर उचललं आणि पुन्हा टाकलं. पाणी सांडून पायाखाली चिखल झाला होता. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. गाय रवंथ थांबवून त्यांच्याकडे बघत होती.

मला हाक मारता येईना. इतकी लाज मला तलावावरही वाटली नव्हती. ही कशाची होती ते आजही मला नीट सांगता येत नाही. बापाला असं चोरून शिकताना बघायचा मला हक्क नव्हता, एवढंच कळत होतं. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो, पार बांधापर्यंत गेलो, आणि तिथून मोठमोठ्यानं खाकरत, चपला आपटत, "आई! ओ आबा! हाय का कुनी घरात?" असं ओरडत आलो.

आबा गाईपुढे वैरण टाकत होते. "आलास व्हय? कवाच्या येस्टीनं?" त्यांची बंडी डाव्या काखेपर्यंत भिजलेली होती. आईनं चहा दिला. चहा संपवून आबा उठले आणि विहिरीकडे चालायला लागले, म्हणून मीही गेलो. पायरीच्या कडीपासून समोरच्या भिंतीतल्या खुंटीपर्यंत कासरा बांधलेला होता. विहिरीच्या मधोमध, आडवा, ताणलेला. पाण्याच्या वर वीतभर.

"उद्यापास्नं पोरं येत्याली," आबा पाण्याकडे बघत म्हणाले. "निरोप धाडलाय म्या. तू हायस का चार दिस?"

"हाय."

त्यांनी बंडी काढली, घडी करून पायरीवर ठेवली आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरले. माझ्याकडे पाठ होती.

"मग माझा डावा हात बघ जरा. उजवा येतोय. डावा काय येईना."

आणि त्यांनी डोकं पाण्यात घातलं. आबांचं डोकं पाण्याखाली गेलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. सवयीनं मी कठड्याच्या कडेनं त्यांच्याबरोबर चालायला लागलो, आणि दोन पावलांवर थांबलो. आता बरोबर चालायचं नव्हतं. मी धावत वळसा घालून पलीकडे गेलो आणि कासऱ्याच्या टोकाशी, त्यांच्या समोर, जाऊन उभा राहिलो.